अकरा खुणांची फ्लॉपी

हिंगणघाटच्या अण्णाजींनी जन्मभर पुस्तकं छापली, पण त्यातलं एकही वाचलं नाही. ही गोष्ट ते लपवतही नसत. "वाचाले पुंडलिकराव ठेवले हायेत," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

पुंडलिकराव म्हणजे निवृत्त मास्तर आणि अण्णाजींच्या प्रेसमधले मुद्रितं तपासणारे. कानावर तांबडी पेन्सिल, डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखं भिंग. चूक त्यांच्यापासून लपत नसे. गिरणीच्या भोंग्यातही त्यांना ऱ्हस्वदीर्घाची चूक ऐकू यायची, आणि एकदा तर तसा अर्ज त्यांनी मॅनेजरला दिला होता. मॅनेजरनं भोंगा बदलला. नवा भोंगा ऐकलेली माणसं अजून हयात आहेत, विचारून घ्या.

तर सत्त्याण्णव साली प्रेसमध्ये चोरी झाली. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या माणसानं अण्णाजींच्या 'अध्यापक प्रवेश सोबती' या पुस्तकाची फ्लॉपी खिशात घातली आणि आर्वीच्या एका शिकवणीवाल्याला नेऊन दिली. त्यानं वरचं पान बदलून तेच पुस्तक आपल्या नावानं बाजारात आणलं. अण्णाजी कोर्टात गेले. समोरचा वकील उठला आणि म्हणाला, "साहेब, मधमाशीला सहा पाय असतात असं यांच्या पुस्तकात आहे. आमच्याही पुस्तकात आहे. मधमाशी काय यांच्या घरची आहे?"

कोर्ट हसलं. अण्णाजी हरले.

परतताना एसटीत पुंडलिकराव म्हणाले, "वकील चुकला नाही, अण्णाजी. खरी गोष्ट कोणाच्याच मालकीची नसते. आपली म्हणावी अशी फक्त खोटी गोष्ट असते. आपण थोडं खोटं टाकू."

"पुस्तकात?"

"पुस्तकात नाही. फायलीत. चोर फाइल चोरेल, आपलं खोटं छापेल, आणि आपण कोर्टात यादी ठेवू."

त्या दिवसापासून प्रेसची रीतच पडली. कोणतीही फाइल उंबऱ्याबाहेर जायची असली की पुंडलिकराव तिच्यात अकरा खुणा टाकत. खूण म्हणजे एक खोटी गोष्ट, खऱ्याच्या रांगेत बसवलेली. त्या अकरांची यादी पाकिटात, पाकिटाला लाखेचं सील आणि पाकीट अण्णाजींच्या कपाटात. फाइल नागपूरला छपाईची फिल्म काढायला गेली की पुंडलिकराव मागच्या गाडीनं स्वतः जात, तिथल्या कॉम्प्युटरसमोर बसून अकराच्या अकरा खुणा उपटून काढत आणि मगच फिल्म निघे. छापलेलं पुस्तक सोन्यासारखं शुद्ध. सात वर्षं ही रीत चालली, पण एकही चोर सापडला नाही. याचं पुंडलिकरावांना मनातून फार वाईट वाटे.

दोन हजार चार साली वर्ध्याच्या सुबोधिनी अध्यापक वर्गानं प्रवेशपरीक्षेला अण्णाजींचंच पुस्तक लावलं. सगळे प्रश्न त्यातलेच. आंधळ्या उमेदवारांसाठी दोन जागा राखून ठेवल्या होत्या, म्हणून अट घातली, की आंधळा उमेदवार मागेल त्याला प्रकाशकानं पुस्तकाची फाइल द्यायची. ती नागपूरला नेली की यंत्रातून ब्रेलचे ठिपक्यांचे कागद निघत. अण्णाजींनी अटीवर सही केली. सही करायला त्यांना कधीच काही वाटलं नाही.

वर्ध्याच्या अंध मुलींच्या वसतिगृहातून सहा जणींनी फॉर्म भरला. सहाही जणी एसटीनं हिंगणघाटला तीनदा आल्या. तिन्ही वेळा अण्णाजींनी त्यांना चहा पाजला आणि "सोमवारी या" म्हणून सांगितलं. पाच जणी दमल्या. सहावी पौर्णिमा, पुलगावची. ती दमली नाही, कारण तिच्या बाजूनं तिची आई आली.

अनुसयाबाई गिरणीत कामाला होती. नवरा वारलेला, अक्षर येत नाही, आणि पोरगी जन्मापासून आंधळी. त्या दोन जागांपैकी एक मिळाली की दोन वर्षांनी पौर्णिमा मास्तरीण, आणि मास्तरीण झाली की आईची गिरणी सुटणार. मायलेकींना जगाकडून एवढंच पाहिजे होतं.

अनुसयाबाई डबा घेऊन प्रेसच्या दारातच बसली.

"बाई, सोमवारी येजो," अण्णाजी म्हणाले.

"आज सोमवारच हाय, भाऊ."

"मंग पुढच्या सोमवारी."

"तवरक बसतो इथंच. आठ घंटे उभी राह्यतो मी गिरणीत. बसाचे कायचे कष्ट?"

तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईकं तिला ओलांडून आत यायला लागली आणि तिचीच चौकशी करायला लागली. अण्णाजी पुंडलिकरावांना म्हणाले, "देऊन टाका तिले. पण खुणा टाकून द्या."

"ती पोरगी यातून अभ्यास करणार आहे, अण्णाजी."

"आंधळी नाई चोरणार. पण ते फ्लॉपी ज्याच्या ज्याच्या हातात जाईल ते सारे डोळेवालेच हायेत नं?"

"मग मी मागून नागपूरला जाऊन काढून येतो."

"एका पोट्टीसाठी? इथं गणिताचं पुस्तक अडून पडलं हाय. अन् ह्या पोट्ट्या का पास व्हाले बसतात? बसल्या म्हून सांगाले बसतात."

पुंडलिकरावांनी कानावरची तांबडी पेन्सिल काढली. त्यांनी नाही म्हटलं असतं तर हे सारं इथंच संपलं असतं. पण खुणा करायची त्यांना चटक लागली होती, जशी एखाद्याला सुपारीची लागते. त्या दुपारी त्यांनी आयुष्यातल्या सर्वांत सुंदर अकरा खुणा केल्या. मधमाशीला आठ पाय. गांडुळाला सात हृदयं. बाळाचे दुधाचे दात बावीस. वेणा नदी वर्धेला मिळते, तिची गाठ त्यांनी वैनगंगेशी घालून दिली. ती वाक्यं इतकी गुळगुळीत होती, की आजूबाजूची खरी वाक्यं त्यांच्यापुढं खोटी वाटावीत.

फ्लॉपी देताना अण्णाजींनी पौर्णिमाकडून कागदावर अंगठा घेतला. हे पुस्तक मी कुणाला देणार नाही, कुणाला वाचून दाखवणार नाही.

"मले सही येते," पौर्णिमा म्हणाली.

"अंगठाच बरा. तुले दिसत नाई, सही भलत्याच जागी होईल."

पंधरा दिवसांनी नागपूरहून ब्रेलचे दोन जाडजूड खंड वसतिगृहात आले. पौर्णिमानं ते पहिल्या दिवशी उशाशी ठेवले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरून प्रेरणा म्हणाली, "वास येऊन राह्यला नव्या कागदाचा. एकटीच खाशील का?"

प्रेरणा तिची सहा वर्षांची सोबतीण. नव्या जागी गेलं की प्रेरणा पुढं होई, पायऱ्या मोजी, दारं चाचपी आणि मागं वळून आकडा सांगे. पौर्णिमा त्या आकड्यावर डोळे मिटून, म्हणजे आपल्या बोलीत डोळे मिटून, चाले.

"अंगठा देल्ला मी," पौर्णिमा म्हणाली.

"अंगठ्यानं थोडंच वाचतेस? बोटानं वाच."

तर मग सहा पोरी, बारा हात आणि एक पुस्तक. एक वाचे, पाच ऐकत. दोन महिन्यांत ठिपके इतके झिजले, की शेवटी पानावर बोट ठेवलं तर परीटघडीच्या चादरीवर ठेवल्यासारखं वाटे. तोवर पुस्तक सहा डोक्यांत उतरलं होतं, स्वल्पविरामासकट.

एकदाच अडलं. प्रेरणाच्या मामाचं गाव वेणेच्या काठी. ती म्हणाली, "पौर्णिमा, मामा तं म्हणते वेणा वर्धेले भेटते. मी लहानपणी त्या जाग्यावर पाय बुडवले हायेत."

"तुह्या मामाचं पुस्तक लागलं का परीक्षेले?"

पाचही जणी हसल्या. प्रेरणानं आपले पाय खोटे मानले आणि पुस्तक खरं मानलं.

परीक्षेत प्रत्येकीला एकेक लिहून देणारी मिळाली, नववीतली पोर. पौर्णिमाची पोर मध्येच थांबून कुजबुजली, "ताई, मधमाशीला सहा पाय असतात."

"तू मोजले का?"

"हो. मेलेल्या मधमाशीचे."

"मेल्यावर दोन गळून पडले असतील. आठ लिही."

सुबोधिनी वर्गाच्या चौकशी समितीवर रामाजी नावाचे गृहस्थ अध्यक्ष होते. गेल्या वीस वर्षांत त्यांनी इतक्या नकला पकडल्या होत्या, की लोक म्हणत, रामाजी आरशासमोर उभे राहिले तर आरशालाही नोटीस देतात. त्यांच्या टेबलावर सहा पेपर आले. सहा पेपर, सहा हस्ताक्षरं आणि प्रत्येकात त्याच अकरा चुका, त्याच शब्दांत. रामाजींनी चष्मा पुसला आणि शेरा लिहिला: सामूहिक नक्कल.

सहा जणींना समितीपुढं उभं केलं. एक सदस्य भीत भीत म्हणाला, "साहेब, पण ह्या आंधळ्या आहेत. एकमेकींच्या पेपरात पाहतील कशा?"

"तोच तर मुद्दा आहे," रामाजी म्हणाले. "नक्कल झाली, हे अकरा चुकांनी सिद्ध आहे. नक्कल पाहिल्याशिवाय होत नाही. म्हणजे यांना दिसतं. म्हणजे आंधळेपणाचे दाखले खोटे. एक गुन्हा शोधायला बसलो, दोन निघाले."

त्यांनी शिपायाला खूण करून खोलीच्या मधोमध एक स्टूल ठेवायला लावलं आणि पोरींना एकेक करून चालायला सांगितलं. प्रेरणा स्टुलावर आदळली, गुडघा फुटला. रामाजींनी लिहिलं: नाटक करते. पौर्णिमानं स्टूल सरकवल्याचा आवाज ऐकला होता, ती वळसा घालून गेली. रामाजींनी लिहिलं: स्वच्छ दिसते.

"साहेब, आमच्या पुस्तकातच तसं आहे," पौर्णिमा म्हणाली.

"दाखव."

तिनं पिशवीतून खंड काढला, मांडीवर घेतला आणि झिजल्या ठिपक्यांवर बोट ठेवून वाचलं, "मधमाशीला आठ पाय असतात."

रामाजींनी खंड उचलला, उजेडात धरला, उलटा धरला, हुंगला. समितीत ब्रेल येणारं कोणीच नव्हतं. "यावर तर काहीच लिहिलेलं नाही. तू मनानंच म्हणतेस."

छापील पुस्तक उघडून पाहिलं. त्यात मधमाशीला सहाच पाय होते. पौर्णिमाला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पुस्तकवाल्याले बोलवा. त्याची फ्लॉपी हाय."

पुढच्या बैठकीला अण्णाजी आले, धुतलेलं धोतर, नवी टोपी. मागं पुंडलिकराव, छातीशी पाकीट. समितीपुढं लाखेचं सील फोडलं आणि पुंडलिकरावांनी यादी वाचायला सुरुवात केली. सात वर्षांनी त्यांच्या खुणा कोणाच्या तरी कामी आल्या होत्या. "मधमाशी, आठ पाय. गांडूळ, सात हृदयं." प्रत्येक खुणेला रामाजी सहाही पेपरांवर टिचकी मारत. अकरा गुणिले सहा, सहासष्ट टिचक्या झाल्या आणि अण्णाजींनी मांडीवर थाप मारली.

"पायलं? म्हनलं होतं नं, एक दिवस चोर सापडंल!"

प्रेरणानं विचारलं, "तुमी आमाले मुद्दाम खोटं शिकवलं?"

"तुले कुठं शिकवलं, बाई? तुले तं मी फाइल देल्लीच नाई," अण्णाजी म्हणाले. "तेच तं विचारून राह्यलो मी. फाइल एकीलेच देल्ली. माह्या खुणा साही जणीच्या डोक्यात कशा गेल्या?"

रामाजींना हे आवडलं. त्यांनी नक्कल आणि डोळ्यांचा आरोप दोन्ही खोडून टाकले, आणि अंगठ्याचा कागद समोर ओढला.

"आता सरळ आहे," ते म्हणाले. "चुका प्रकाशकाच्या, म्हणून परीक्षा पुन्हा घेऊ, पंधरा दिवसांनी. शुद्ध फाइल मिळेल. पण करार मोडणारीला बसता येणार नाही. पौर्णिमा, तू यांना वाचून दाखवलं असशील, तर तू बाद आणि या पाच जणी बसतील. यांनी तुझ्या नकळत चोरून वाचलं असेल, तर या पाच बाद आणि तू बसशील. बोल."

अनुसयाबाई दाराशी उभी होती. तिनं फक्त एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकला, गिरणीत आठ तास उभं राहणारी माणसं टाकतात तसा, आणि फरशीवर चप्पल घासली. पौर्णिमानं तेवढं ऐकलं.

"चोरलं," ती म्हणाली.

"कोणी?"

"साऱ्याईनं. मी झोपली असताना."

चौघी एकदम बोलायला लागल्या. एक रडली. रामाजींनी टेबलावर हात आपटला आणि प्रेरणाला विचारलं, कारण तीच एकटी गप्प होती, "तुझं काय म्हणणं?"

"ती म्हणते नं चोरलं," प्रेरणा म्हणाली. "मंग चोरलं."

तसं लिहून झालं. प्रेरणासकट पाच जणींचे अंगठे घेतले. पुन्हा हे पुस्तक हाती धरणार नाही, कुणाकडून ऐकणार नाही, कुणाला ऐकवणार नाही. अण्णाजी बाहेर पडताना पौर्णिमाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "इमानदार पोट्टी हाय. शुद्ध फाइल मी सोता पाठोतो." आणि खरंच पाठवली. त्या वेळी पुंडलिकराव मागून नागपूरला खुणा उपटायलाही गेले.

पण त्याआधी त्या दुपारची गोष्ट. अनुसयाबाई रिक्षा बघायला फाटकापाशी गेली होती. वर्गाच्या इमारतीला समोरून पायऱ्या होत्या, दगडी, कडा धारदार. आजवर आत येताना शिपायानं साऱ्यांना मागच्या दारानं आणलं होतं, म्हणून पौर्णिमाला या पायऱ्या ठाऊक नव्हत्या. ती व्हरांड्यात थांबली. सवयीनं.

पुढून प्रेरणाचा आवाज आला, नेहमीसारखा, साधा. "चार."

पौर्णिमानं एक, दोन, तीन, चार मोजलं आणि सपाट जमिनीवर टाकावं तसं पाऊल पुढं टाकलं. पण पुढं अजून पाचवी पायरी होती. ती उजव्या हातावर पडली. हाड मोडल्याचा आवाज फाटकापर्यंत गेला म्हणतात. तिथं रिक्षावाल्यानं ब्रेक तपासला.

सरकारी दवाखान्यात उजवा हात कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. वाचायचं बोट तेच होतं. डावं बोट जन्मभर नुसतं ओळ धरायला वापरलेलं. त्याला अक्षर कळत नव्हतं, ठिपके म्हणजे त्याला मुरमाड जमीन. आठव्या दिवशी नागपूरहून नवे खंड आले, शुद्ध, ठिपके टोकदार. अनुसयाबाईनं ते खाटेवर ठेवले आणि गिरणीच्या पाळीला गेली. पौर्णिमानं डाव्या हातानं तीन ओळी लावल्या. त्यात दुपार गेली. परीक्षेला सात दिवस होते आणि धडे बावीस.

संध्याकाळी भेटीच्या वेळेला प्रेरणा आली. तिच्या काठीचा आवाज पौर्णिमाला वॉर्डाच्या दारापासूनच ओळखू आला. ती स्टुलावर बसली.

"दुखते का?"

"दुखते."

"बरं."

प्रेरणानं काठी खाटेला टेकवली.

"पाच होत्या," पौर्णिमा म्हणाली.

"हाव."

"तू मोजल्या होत्या?"

"दोनदा."

प्रेरणाचा हात खाटेवर चाचपत आला आणि खंडावर थांबला. तिनं तो मांडीवर ओढला. नव्या कागदाचा वास दोघींनाही आला. पान उघडलं, आणि मग पौर्णिमाच्या कानाला तो आवाज लागला, जो तिला सगळ्या जगात सगळ्यांत चांगला कळत होता: ठिपक्यांवरून पळणारं बोट. ओळ संपली. दुसरी ओळ. पान उलटलं.

"प्रेरणा, मोठ्यानं वाच नं."

बोट थांबलं नाही.

"एकच धडा. परीक्षा हाय वो माही."

"मले मनाई हाय," प्रेरणा म्हणाली. "मी चोर हाय नं. मी मनातल्या मनातच वाचते."

पौर्णिमानं डावा हात पुढं केला. हाताला हवा लागली. प्रेरणानं खंड बाजूला सरकवला होता. नर्स आली, पोरी किती शहाण्यासारख्या बसल्या आहेत म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली. भेटीची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत प्रेरणा वाचत राहिली. पान, पान, पान. मध्ये एकदा ती एका जागी हसली, काहीतरी आवडल्यासारखी. कोणत्या धड्याला हसली, ते तिनं सांगितलं नाही.

घंटा झाली. तिनं खंड मिटला, नीट उशाशी ठेवला, कोपरा कोपऱ्याला लावून.

"उद्या येतेस का?" पौर्णिमानं विचारलं.

"येतो नं," प्रेरणा म्हणाली. "दुसरा खंड राह्यला हाय माहा."